यंत्राची बारनिशी

कोणत्याही कचेरीत टपाल आले की पहिले काम असते ते त्याच्या वर्गवारीचे. हा अर्ज महसुलाचा, ही तक्रार पाटबंधाऱ्याची, हे पत्र केवळ माहितीसाठी, असा शेरा बारनिशीच्या कारकुनाने मारला की कागद पुढे चालू लागतो. शेरा चुकला तर कागद भलत्याच टेबलावर पडून राहतो. अर्जदाराच्या दृष्टीने तो हरवल्यातच जमा असतो.

संगणकाच्या आज्ञावल्या रचणाऱ्यांनाही ही बारनिशी चुकलेली नाही. १९९८ साली नेटस्केप कंपनीने आपल्या आज्ञावलीची मूळ संहिता सर्वांस खुली केली, त्यातून मोझिला हा प्रकल्प उभा राहिला, आणि त्याच्यासाठी टेरी वाइसमन यांनी ‘बगझिला’ ही दोषनोंदीची वही तयार केली. पुढे २००८ मध्ये गिटहब सुरू झाले आणि अशा असंख्य संहितांची भांडारे तेथे एकत्र आली. प्रत्येक भांडाराशेजारी एक वही असते. तीत कोणीही दोष कळवावा, नवी सोय मागावी किंवा शंका विचारावी. नोंदी वाढत गेल्या. त्या वाचून लेबल लावणारी माणसे मात्र मोजकीच, आणि पुष्कळदा विनावेतन काम करणारी. साहजिकच हे काम यंत्रावर सोपवावे असा विचार पुढे आला.

वस्तुतः या विचाराचे मूळ बरेच जुने आहे. अमेरिकेतील एम. ई. मॅरन यांनी १९६१ मध्ये संगणकविषयक ४०५ लेखांचे सारांश घेऊन त्यांची ३२ वर्गांत यंत्राकरवी विभागणी करून पाहिली. त्यांनी ९० सूचक शब्द निवडले आणि प्रत्येक शब्द कोणत्या वर्गात किती वेळा येतो हे मोजले. आधार होता तो थॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाच्या, १७६३ साली मरणोत्तर प्रसिद्ध झालेल्या, संभाव्यतेच्या निबंधाचा. रीत सोपी आहे. ‘अचानक बंद पडते’ असे शब्द आले तर नोंद बहुधा दोषाची; ‘अशी सोय असावी’ म्हटले तर मागणीची; ‘कसे करावे’ असे विचारले तर शंकेची. ज्या सारांशांवरून यंत्राने धडे घेतले होते, त्यांत त्याने शेकडा ८४ हून अधिक ठिकाणी योग्य वर्ग सांगितला. परंतु ज्या नव्या सारांशांत निदान दोन सूचक शब्द होते, त्यांतही त्याचे यश निम्म्याच्या थोडेच वर गेले. पाठ केलेले म्हणून दाखवणे आणि नवखे ओळखणे यांतील हे अंतर आजही पुरते मिटलेले नाही.

२००४ मध्ये चुब्रानिच आणि मर्फी या संशोधकांनी हीच रीत एक्लिप्स प्रकल्पाच्या १५,८५९ नोंदींवर चालवली. कोणती नोंद कोणाकडे द्यावी हे यंत्राला शेकडा ३० वेळा अचूक सांगता आले. २०१९ मध्ये ‘टिकेट टॅगर’ नावाचे साधन आले. गिटहबवर नवी नोंद पडताच ते दोष, सुधारणा किंवा प्रश्न असे लेबल स्वतःच लावते. २०२२ च्या एका स्पर्धेत आठ लाखांहून अधिक नोंदी अभ्यासासाठी खुल्या झाल्या. तोवर यंत्रे सुट्या शब्दांच्या मोजणीवर न थांबता संपूर्ण वाक्याचा संदर्भ धरू लागली होती, आणि त्यांची अचूकता पुष्कळ वाढली होती.

येथेच एक मूलभूत प्रश्न उभा राहतो. हे यंत्र शिकते कोणापासून? पूर्वी माणसांनी मारलेल्या शेऱ्यांपासून. आणि ते शेरे कितपत खरे? २०१३ मध्ये हेर्झिग, युस्ट आणि झेलर यांनी पाच प्रकल्पांतील सात हजारांवर नोंदी स्वतः वाचून तपासल्या. दोष म्हणून नोंदलेल्यांपैकी शेकडा ३३.८ नोंदी दोषाच्या नव्हत्याच. कोठे नवी सोय मागितली होती, कोठे केवळ माहितीपत्रकात दुरुस्ती हवी होती. म्हणजे गुरूच्याच वहीत तिसरा हिस्सा चुकीचा. शिष्य कितीही तल्लख असला, तरी त्या चुका तो इमानाने गिरवणार, आणि त्याही अधिक वेगाने.

तेव्हा यंत्राची बारनिशी टाकाऊ ठरवण्याचे कारण नाही. रोज शेकडो नोंदी येतात तेथे पहिला शेरा त्याने मारावा हे इष्टच. मात्र तो शेरा खोडण्याचा अधिकार, आणि वेळोवेळी जुनी वही उघडून तपासण्याचे कष्ट, माणसाने आपल्याकडे ठेवले पाहिजेत. दूर कोठे तरी बसून आपली अडचण चार ओळींत लिहिणाऱ्याची एवढीच अपेक्षा असते की, ती कोणीतरी नीट वाचावी.