किन्हवलीचा 'के'

ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यात किन्हवली नावाचे गाव आहे. त्याचे नाव रोमन लिपीत 'के'ऐवजी 'सी'ने लिहिले, तर इंग्रजी वाचणारा ते 'सिन्हवली' असे वाचील. कसाऱ्याचे 'सी'ने काही बिघडत नाही. उच्चार 'क'च राहतो. पुढच्या स्वराप्रमाणे अक्षराचे मोल बदलावे, हा प्रकार देवनागरीवर पोसलेल्या मनाला विचित्र वाटतो.

अभिजात लॅटिनमध्ये 'सी' म्हणजे सर्वत्र 'क'. ग्रीकांकडून आलेला 'के' त्या लिपीत असून नसल्यासारखाच होता. पुढे 'इ' आणि 'ए' यांच्या आधीचा 'क' जिभेबरोबर टाळूकडे सरकत गेला आणि फ्रेंचमध्ये अखेर त्याचा 'स' झाला. इंग्लंडात राजाला 'क्यूनिंग' म्हणत आणि ते बहुधा 'सी'नेच लिहीत. १०६६ नंतर फ्रेंच वळणाचे लेखनिक आले. त्यांच्या डोळ्यांना असा शब्द 'स'ने सुरू झालेला दिसणार. म्हणून 'इ', 'ए' यांच्या आधी 'के' रूढ झाला: किंग, कीन, किस. कॅट, कोल्ड, कप यांना संदिग्धतेचा धोका नव्हता, तेथे 'सी' टिकला. कांगारूसारखे शब्द फार उशिरा आले, म्हणून ते 'आ'पूर्वीही 'के' मिरवतात. गुडघ्याच्या 'नी'मधला मुका 'के' मात्र एकेकाळी खरोखर उच्चारला जात असे.

हाच पेच इंग्रज आपल्याकडे घेऊन आले. कोकण आणि कल्याण ही दोन्ही नावे त्यांच्या जुन्या कागदांत 'सी'ने लिहिलेली आढळतात. सर विल्यम जोन्स यांनी आशियाई शब्दांच्या रोमन लेखनावर १७८४ साली निबंध लिहिला, आणि त्यांनी 'क'साठी 'सी'च पसंत केला. त्यांच्या १७८९ च्या भाषांतरात शकुंतला आणि कालिदास, दोघेही 'सी'ने लिहिलेले आहेत. गंमत अशी, की निबंधाच्या शीर्षकातील 'एशियाटिक' या शब्दाच्या शेवटी 'सी' आणि 'के' ही दोन्ही अक्षरे आहेत. त्या काळची ती रूढीच होती.

निकाल लागला तो १८७० च्या दशकात, सरकारने विल्यम हंटर यांची पद्धती स्वीकारली तेव्हा. 'क'ला 'के' मिळाला. 'सी' एकटा उरलाच नाही, 'एच'चा हात धरून 'च'पुरता राहिला. कलकत्ता, कानपूर अशी रुळलेली नावे तेवढी वगळली. १८५४ साली रेल्वे कल्याणला आणि १८६१ साली कसाऱ्याला पोहोचली, तेव्हा ही शिस्त नव्हती. १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमध्ये मात्र कल्याण 'के'ने लिहिलेले आहे. आज कसारा मार्गावरच्या पाट्या याच परंपरेतल्या आहेत.

गोव्यात याहून वेगळी तोड निघाली. पोर्तुगीजांच्या नेहमीच्या लेखनात 'के' नव्हताच. म्हणून काणकोण आणि कळंगुट 'सी'ने, पण केपें 'क्यू-यू'ने. नियम तोच, अक्षर निराळे. पाटी वाचताना फिरस्त्याची त्रेधा उडते, पण त्यात अंदाधुंदी नाही.

हे सारे सांगण्याचे एक कारण आहे. महाराष्ट्रात २००० सालापासून पहिलीपासूनच इंग्रजी आले. मुरबाड-शहापूरकडच्या पाड्यावरचे मूल, ज्याच्या घरी इंग्रजी अक्षर औषधालाही नसते, ते 'कॅट' आणि 'काइट' एकाच दिवशी शिकते आणि विचारते, हे असे का? 'पाठ कर' हे उत्तर मला अन्यायाचे वाटते. शहरातल्या मुलाला चुकत-माकत का होईना, भोवतालच्या पुस्तकांतून सवय लागते. या मुलाकडे नियमाखेरीज दुसरा आधार नाही. आणि बहुतेक नित्याच्या शब्दांना पुरेल असा नियम तर अस्तित्वात आहे.

शिवाय त्याचा दाखला मुलाच्या स्वतःच्या तोंडात आहे. 'आमचा' म्हणताना 'च' दातांशी असतो, 'आमची' म्हणताना तो टाळूला भिडतो. पुढे 'ई' आली की जीभ सरकते. लॅटिनच्या 'सी'चे जे झाले ते याच जातीचे. आपण दोन्ही उच्चारांना एकच अक्षर ठेवले आणि 'चहा', 'चार' यांसारखे अपवाद कानावर सोपवले. हंटरसाहेबांच्या पद्धतीतही 'चाक' आणि 'चिंच' यांचा 'च' एकसारखाच लिहिला जातो, आणि माळशेजचा 'ळ' तर साधा 'ल' होऊन बसतो.