शिट्टी न वाजवणारा कुकर

जळगाव आणि धुळे जिल्ह्यातल्या आपल्या गटांच्या बैठकांत सध्या एक नवा विषय निघतो आहे. कुणाचा मुलगा पुण्याला, कुणाची लेक सुरतेला. सणावाराला येताना त्यांनी विजेचा कुकर आणला. शेजारणींनी तो पाहिला आणि मग बैठकीत तीन प्रश्न आले. यात आपली तुरीची डाळ नीट शिजते का? बिल किती वाढतं? आणि गटातून यासाठी कर्ज मिळेल का?

तिसऱ्या प्रश्नावर बैठकीत आवाज चढले. कुणी म्हणालं, शेळीला कर्ज द्या, शिलाई मशीनला द्या, कुकर ही काय चैन आहे? चैन की गरज, हे ठरवण्याआधी आम्हाला वाटलं, जरा मागे जाऊन पाहू. हे भांडं आलं कुठून, ते कुणी केलं, आणि त्यामुळे वाचलेला वेळ कुणाच्या पदरात पडला?

गोष्ट सुरू होते १६७९ साली, लंडनमध्ये. देनी पापिन नावाच्या फ्रेंच माणसानं जाड लोखंडी भांडं केलं. त्याचं झाकण स्क्रूनं घट्ट आवळायचं, म्हणजे वाफ आतच कोंडायची. उघड्या पातेल्यात पाणी १०० अंशांवर उकळतं. कितीही जाळ घातला तरी त्याच्या वर जात नाही, नुसती वाफ उडते. पण वाफ कोंडली की दाब वाढतो, आणि त्याबरोबर पाण्याची उष्णता १२० अंशांच्या आसपास जाते. म्हणून अन्न लवकर शिजतं. पापिनला डाळ शिजवायची नव्हती. टाकून दिलेली हाडं मऊ करून गरिबांच्या पोटात घालावीत, असा त्याचा विचार होता. १६८२ साली तिथल्या विद्वानांना त्यानं याच भांड्यात शिजवलेलं जेवण वाढलं. भांडं फुटू नये म्हणून वजनानं दाबलेली झडपही त्यानं बसवली. आज आपल्या कुकरवर जे वजन बसतं, जिला आपण शिट्टी म्हणतो, तिची पणजी म्हणजे पापिनची ती झडप. पण हे भांडं काही घराघरात गेलं नाही. ते जड, महाग आणि भीतीचं होतं.

आपल्या देशात वाफेवर स्वयंपाक करायचं गाजलेलं भांडं आलं १९१० च्या सुमारास. कलकत्त्याच्या डॉ. इंदुमाधव मल्लिक यांचा तो इकमिक कुकर. एका नळकांड्यात डब्यावर डबा, त्यांत भात, डाळ, भाजी, आणि खाली निखारे. यात वाफ कोंडत नसे, म्हणून वेळ लागायचा, पण जवळ बसून राहावं लागत नव्हतं. नोकरीसाठी एकटे राहणारे आणि प्रवासी यांना तो फार सोयीचा झाला. बायका तर घरी होत्याच, चुलीपाशी. त्याच वाटेवरचं पुढचं काम आपल्या महाराष्ट्रात झालं. इरावतीबाई कर्वे यांचे चिरंजीव डॉ. आनंद कर्वे यांनी पुण्यात उभ्या केलेल्या ‘आरती’ संस्थेनं उसाच्या पाचटाचा कोळसा करून दाखवला. त्याच्या थोड्याशा निखाऱ्यावर चालणारा वाफेचा कुकरही पुण्याहून आला. पाचटाच्या कोळशाच्या कामाला २००२ साली इंग्लंडचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

आता जपानची एक गोष्ट ऐका, कारण ती आपल्या बैठकीतल्या वादाच्या मुळाशी जाते. विजेवर आपोआप भात शिजवणारं भांडं तोशिबा कंपनीनं १९५५ साली बाजारात आणलं. ते बनवायचं काम कंपनीनं योशितादा मिनामी या लहान कारखानदाराला दिलं होतं. आता भात म्हणजे काय, तो कधी कच्चा राहतो, कधी करपतो, हे त्याच्या घरात कुणाला ठाऊक? त्याच्या बायकोला, फुमिको यांना. घर आणि लेकरं सांभाळून त्या पुन्हा पुन्हा भात लावत, किती मिनिटांनी किती गरम झालं ते टिपत. थंडीत वेगळं, उन्हात वेगळं. त्या टिपणांवरून कळलं की पाणी उकळल्यावर ठराविक मिनिटं गेली की वीज बंद व्हायला हवी. त्यासाठी दोन भांड्यांची युक्ती झाली. बाहेरच्या भांड्यात मापानं थोडं पाणी घालायचं. ते आटलं की बाहेरचं भांडं एकदम तापतं आणि बटण आपोआप पडतं. यंत्र कंपनीच्या नावावर गेलं. पण त्यातली अक्कल चुलीपाशी बसलेल्या बाईची होती. स्वयंपाक हे नुसतं काम नाही, ते ज्ञान आहे, याला याहून मोठा पुरावा कुठला द्यायचा?

आपल्या देशात प्रेशर कुकर तयार होऊ लागले ते १९५९ च्या सुमारास. मुंबईत हॉकिन्स, दक्षिणेत प्रेस्टिज. दोघांनी सुरुवातीला इंग्लंडमधल्या कंपन्यांची मदत घेतली. आधी तो शहरातल्या नोकरदार घरांत गेला, मग लग्नाच्या भांड्यांत आला आणि तिथून खेड्यात पोहोचला. खेड्यातल्या बाईनं त्याला आपल्या पद्धतीनं शिकवून घेतलं. पुस्तकात मिनिटं लिहिलेली असत. आपण शिट्ट्या मोजल्या. याचं कारण साधं आहे. घड्याळ बघायला चुलीसमोर थांबावं लागतं. शिट्टी गोठ्यातही ऐकू येते, हातपंपावरही ऐकू येते. आमच्याकडच्या म्हाताऱ्या अहिराणीत म्हणतात, “शिट्टी वाजनी, दाय शिजनी.” हात दुसऱ्या कामात आणि कान कुकरकडे, असं दुहेरी काम त्या शिट्टीनं शक्य केलं. पण नीट पाहिलं तर वाचलेला वेळ विसाव्याला गेला नाही. तो शेण-झाडलोटीला आणि शेताला गेला.

आता आपल्या खान्देशाकडे येऊ. आपल्याकडचं जेवण म्हणजे डाळ आणि आग. जळगाव तर डाळमिलींचं शहर. सगळ्या देशाला आपल्याकडून डाळ जाते. पण ती पिकवणाऱ्या घरात ती कशावर शिजते? कपाशीच्या पऱ्हाट्या, तुरीच्या तुराट्या आणि गोवऱ्या. कापूस वेचणारे हातच पऱ्हाट्या उपटतात, भारे बांधतात आणि पावसाळ्याआधी रचून ठेवतात. हे सरपण फुकट आहे असं म्हणतात. ते फुकट नाही, त्याचे पैसे बाईच्या पाठीनं आणि डोळ्यांनी दिलेले असतात. निर्धूर चुलींची राष्ट्रीय योजना १९८३ पासून आली. २०१६ साली उज्ज्वला आली आणि घराघरात गॅस पोहोचला. तरी सिलिंडर संपला आणि हातात पैसे नसले, की पुन्हा चूल पेटते. म्हणून पुष्कळ घरांत गॅस पाहुण्यांच्या चहाला आणि चूल रोजच्या जेवणाला, अशी वाटणी आहे.

विजेचं तर आणखी नवल. भुसावळजवळच्या दीपनगरला औष्णिक केंद्र आहे. तिथले ५००-५०० मेगावॅटचे दोन संच राज्याला वीज देतात. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यात शिवाजीनगरला १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प २०१३ साली उभा राहिला. वीज आपल्या अंगणात तयार होते, आणि तिच्या तारांखालच्या घरात बाई फुंकणीनं जाळ फुंकते. दोन हजार सालानंतरची भारनियमनाची वर्षं आठवा. ऐन संध्याकाळी वीज जायची. तेव्हा विजेवर स्वयंपाक करा असं कुणी सांगितलं असतं तर आपण हसलो असतो. पुढे गावठाणाची लाइन शेतीपंपांपासून वेगळी झाली आणि घरातली वीज बरीच टिकू लागली. आज हा विषय बैठकीत निघतो, त्यामागे हा बदल आहे.

विजेच्या प्रेशर कुकरचं पेटंट चीनमध्ये १९९१ साली मागितलं गेलं. २०१० साली कॅनडातल्या ओटावा शहरात रॉबर्ट वांग आणि त्यांच्या सोबत्यांनी ‘इन्स्टंट पॉट’ आणला आणि तो जगभर गेला. परदेशात राहणाऱ्या मराठी घरांत त्याच्यावर वरण-भात, उसळी, खिचडी होऊ लागली. त्याचं काम असं चालतं. खाली तापणारी तबकडी, आत सुटं भांडं आणि वर घट्ट झाकण. दाब आणि उष्णता किती झाली ते यंत्र स्वतः ओळखतं. पुरेसा दाब झाला की वीज थांबते, कमी झाला की पुन्हा सुरू होते. वाफ बाहेर पडत नाही, म्हणून शिट्टी नाही.

मैत्रिणींनो, हीच अडचण आधी लक्षात घ्या. आपलं माप शिट्टीचं, याचं माप मिनिटांचं. बहुतेक विजेच्या कुकरांत दाबही शेगडीवरच्या कुकरपेक्षा थोडा कमी असतो, म्हणून डाळीला थोडी जास्त मिनिटं द्यावी लागतात. भिजवलेली तूरडाळ दाब आल्यावर आठ-दहा मिनिटांत शिजते. मग दहा मिनिटं तसंच राहू द्यायचं, वाफ आपोआप उतरते. वाफ उडून जात नाही, म्हणून पाणी नेहमीपेक्षा कमी घालायचं. आतल्या भांड्यावर भरल्याची खूण असते, डाळ-कडधान्य त्याच्या अर्ध्यापर्यंतच, कारण फेस वर येऊन वाफेची वाट बुजवतो.

वरण-बट्टीतलं वरण यात उत्तम होतं. बट्टीचे उंडे जाळीवर ठेवून वाफवता येतात, तळायचे मात्र कढईतच. फुणके वाफवता येतात. पुरणाची हरभरा डाळ होते, मटकी-चवळीची उसळ होते. काय होत नाही तेही सांगतो. भाकरी होत नाही. खापरावरची पुरणपोळी होत नाही. आणि भरीत तर अजिबात नाही. बामणोदची वांगी आणा नाहीतर आपल्या बांधावरची, ती तुराट्यांच्या जाळावरच भाजली पाहिजेत. उकडलेल्या वांग्याला खान्देशात कुणी भरीत म्हणणार नाही. म्हणजे विजेचा कुकर चुलीची सगळी जागा घेत नाही. दोन वेळची डाळ-भाताची फेरी तेवढी तो उचलतो.

आता बिल. असा कुकर साधारण १००० वॅटचा असतो. पण तो पूर्ण वीज पहिली दहा-पंधरा मिनिटंच ओढतो. एका वेळेला पाव ते अर्धा युनिट धरा. रोज दोनदा लावला तर महिन्याला १५ ते ३० युनिट. महावितरणच्या दरात १०० युनिटांच्या पुढे दर चढतो, म्हणून आधी आपलं बिल काढून बघा. तुमचा वापर ६० युनिट असेल तर कुकर धरूनही तुम्ही १०० च्या आत राहाल. ९० असेल तर विचार करा. ज्या बहिणीकडे कुकर आहे, तिच्या घरी लावण्याआधी आणि नंतर मीटर वाचा. ऐकीव आकड्यापेक्षा डोळ्यांनी पाहिलेला बरा.

घेताना आयएसआय चिन्ह पाहा. घरगुती प्रेशर कुकरला ते फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचं आहे. स्वस्त म्हणून बिनचिन्हाचा घेऊ नका. कोंडलेली वाफ ही ताकद आहे, तिच्याशी खेळ नाही. अर्थिंग असलेला तीन पिनांचा सॉकेट हवा, लोंबती वायर नको. दाब असताना झाकणाशी झटापट करायची नाही, आणि वाफ सोडताना हात-तोंड बाजूला.

आता तो तिसरा प्रश्न. नाबार्डनं १९९२ साली बचत गट बँकांशी जोडायला सुरुवात केली. तेव्हापासून आपण एक सवय लावून घेतली आहे. ज्यातून पैसा दिसतो ते कर्ज ‘उद्योगाचं’, आणि स्वयंपाकघरातलं ते ‘खर्चाचं’. ट्रॅक्टर आला तेव्हा पुरुषाचा वेळ वाचला, त्याला कुणी चैन म्हटलं नाही. बाईचा रोज अर्धा तास वाचला तर महिन्याला १५ तास होतात. पापड-बिबड्या करणाऱ्या, शिवण करणाऱ्या बहिणीला १५ तास म्हणजे काय, हे तिलाच विचारा. आणि त्या वेळात ती नुसती आडवी झाली तरी तो वेळ वाया गेला असं आम्हाला वाटत नाही.

म्हणून आमचं म्हणणं असं. कर्ज सरसकट देऊ नका, सरसकट नाकारूही नका. मागणाऱ्या बहिणीला चार गोष्टी विचारा. घरात जेवणारी माणसं किती? वीज किती तास असते? सध्याचं बिल किती? आणि कुकर बिघडला तर दुरुस्ती जवळ कुठे होते? एक प्रश्न तिच्या घरच्यांनाही विचारा. याचं बटण दाबायला कोण कोण शिकणार? ज्या यंत्राजवळ उभं राहावं लागत नाही, जाळ करावा लागत नाही, ते सासऱ्यालाही लावता येतं आणि बारावीतल्या मुलालाही. शिट्टीच्या कुकरनं वाचवलेला वेळ दुसऱ्या कामांनी गिळला, कारण कामाची वाटणी जुनीच राहिली. ती वाटणी कुठलंच यंत्र बदलत नाही. ते काम घरात बोलून आपल्यालाच करावं लागतं.

पुढच्या बैठकीला येताना विजेचं शेवटचं बिल सोबत आणा. ज्यांच्याकडे कुकर आहे त्यांनी डाळीची मिनिटं वहीत लिहून आणा. तूर किती, मूग किती, हरभरा किती. फुमिकोबाईंनी आपल्या भाताची वही केली, तशी आपण खान्देशी डाळींची वही करू. ती गटाच्या दप्तरात राहील, आणि पुढे येणाऱ्या बहिणीला कामी येईल.