नॉर्दर्न टेरिटरीचे चित्रपट : भूमी एकाची, कॅमेरा दुसऱ्याचा

3 जानेवारी 1955. उत्तर ऑस्ट्रेलियातील डार्विन शहरातल्या स्टार थिएटरमध्ये ‘जेडा’ या चित्रपटाचा शुभारंभाचा खेळ झाला. ऑस्ट्रेलियात तयार झालेला हा पहिला रंगीत कथापट. नायक आणि नायिका दोघेही तेथील मूळ रहिवासी समाजातले होते, आणि ऑस्ट्रेलियन पडद्यावर तेही प्रथमच घडत होते. प्रेक्षागृहात मात्र गोऱ्यांच्या आणि मूळ रहिवाशांच्या बसण्याच्या जागा वेगळ्या होत्या. गोऱ्यांमध्ये बसण्याची मुभा मिळाली ती केवळ या दोघा कलावंतांना. त्यांचे जातभाई वेगळ्या रांगांत बसून आपल्याच प्रदेशाची रंगीत चित्रे पाहत होते.

नॉर्दर्न टेरिटरी हा ऑस्ट्रेलियाच्या मध्यापासून उत्तर किनाऱ्यापर्यंत पसरलेला, सुमारे साडेतेरा लाख चौरस किलोमीटरचा मुलूख. लोकसंख्या जेमतेम अडीच लाख. त्यात मूळ रहिवाशांचे प्रमाण जवळपास एकतृतीयांश. दक्षिणेकडे ॲलिस स्प्रिंग्जच्या आसपासचे तांबडे वाळवंट आणि उलुरूचा प्रचंड खडक. उत्तरेकडे काकाडूच्या पाणथळी, अर्नहेम लँडची जंगले आणि मगरींनी भरलेल्या नद्या. छायाचित्रणकाराला भुरळ पडावी असे सारे येथे आहे. त्यामुळे सिडनी, लंडन, हॉलिवूड अशा ठिकाणांहून चित्रपटांची पथके येत राहिली, दृश्ये टिपून परत जात राहिली. ही भूमी कोणी, कोणाला, कोणाच्या संमतीने दाखवायची, हा प्रश्न विचारला जाण्यास फार वर्षे लागली.

‘जेडा’चे दिग्दर्शक चार्ल्स शोव्हेल यांनी तो विचारला नव्हता, पण निदान येथील माणसांना त्यांनी प्रमुख भूमिका तरी दिल्या. गोऱ्या कुटुंबात वाढलेली अनाथ मुलगी जेडा, तिला ओढून नेणारा रानातला मारबक आणि कड्यावरून होणारा दोघांचा अंत, असे हे कथानक. गोऱ्या संस्कारात वाढवले तरी ‘रक्त’ आपला गुण दाखवणारच, हा त्यातला छुपा सूर आज कानाला खटकतो. चित्रपट कान महोत्सवाच्या स्पर्धा विभागात दाखल झाला. तो मान मिळवणारा तो पहिला ऑस्ट्रेलियन चित्रपट. निर्मितीची कथाही एखाद्या चित्रपटाला शोभेल अशीच. रंगीत फिल्म धुण्याची सोय ऑस्ट्रेलियात नसल्याने ती इंग्लंडला विमानाने पाठवावी लागे. त्यातले एक विमान कोसळले आणि शेवटच्या भागाची फिल्म नष्ट झाली. तो भाग मग टेरिटरीपासून हजारो किलोमीटर दूर, सिडनीजवळच्या ब्लू माउंटन्समध्ये पुन्हा चित्रित करण्यात आला. नायक-नायिकेचा शेवट त्यांच्या भूमीत झालाच नाही!

दोघा कलावंतांचे पुढे काय झाले, हे चित्रपटापेक्षाही सांगण्यासारखे आहे. मेलव्हिल बेटावर जन्मलेले रॉबर्ट टुडावाली प्रसिद्धीच्या झोतातून पुन्हा डार्विनच्या गरिबीत परतले. क्षयाने त्यांना ग्रासले. मूळ रहिवाशांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या टेरिटरीतील परिषदेचे ते उपाध्यक्ष झाले आणि 1967 मध्ये भाजल्याने झालेल्या जखमांनी त्यांचा मृत्यू झाला. नायिका रोझली कुनॉथ ही ॲलिस स्प्रिंग्जच्या वसतिगृहात राहणारी शाळकरी मुलगी. पडद्यावरील तिचे ‘न्गार्ला’ हे नाव निर्मात्यांनी दिलेले. पुढे तिने मेलबर्नच्या एका मठात सुमारे दहा वर्षे संन्यस्त जीवन घालवले, नंतर संसार केला आणि मायभूमीत परतून आपल्या समाजाच्या हक्कांचा आवाज बनली. 2022 मध्ये रोझली कुनॉथ-मंक्स यांचे निधन झाले, तेव्हा त्यांची ओळख अभिनेत्रीपेक्षा कार्यकर्ती म्हणूनच अधिक मोठी होती.

अनुवाद न केलेले शब्द

1971 च्या ‘वॉकअबाउट’चे दिग्दर्शक निकोलस रोग हे ब्रिटिश. वाळवंटात एकाकी पडलेली दोन गोरी भावंडे आणि त्यांना पाणी, अन्न व वाट दाखवणारा मूळ रहिवासी तरुण यांची ही कथा. तरुणाच्या भूमिकेसाठी अर्नहेम लँडमधील एक किशोरवयीन नर्तक निवडला गेला : डेव्हिड गुलपिलिल. त्याला इंग्रजी फारसे येत नव्हते. श्रेयनामावलीत त्याचे आडनावही चुकीचे छापले गेले. पडद्यावर तो आपल्या मातृभाषेत बोलतो आणि त्याच्या एकाही वाक्याला उपशीर्षक नाही. ती मुलगी त्याला समजून घेऊ शकत नाही, हे दाखवण्यासाठी दिग्दर्शकाने केलेली ही योजना प्रभावी आहे, यात शंका नाही. पण प्रेक्षकही त्याला समजून घेऊ शकत नाहीत, हा तिचा दुसरा परिणाम. नंतरच्या पन्नास वर्षांत टेरिटरीच्या बहुतेक महत्त्वाच्या चित्रपटांत या माणसाचा चेहरा दिसत राहिला.

1982 च्या ‘वी ऑफ द नेव्हर नेव्हर’मध्ये तो नाही. जिनी गन यांच्या 1908 च्या पुस्तकावरील हा चित्रपट एल्सी या गुरांच्या विस्तीर्ण कुरणावरील गोऱ्या गृहिणीचे अनुभव सांगतो. चित्रीकरणासाठी बांधलेली घराची प्रतिकृती माटारांका येथे पर्यटकांसाठी जपली गेली.

‘क्रोकोडाइल डंडी’ची (1986) गोष्ट मात्र वेगळी. पॉल होगन यांच्या या विनोदी चित्रपटाने जगभरात तीस कोटी डॉलरहून अधिक कमाई केली. त्या वर्षी अमेरिकेत ‘टॉप गन’च्या खालोखाल याचाच गल्ला होता. काकाडू राष्ट्रीय उद्यानाचे नाव त्याने जगाच्या पर्यटन नकाशावर नेले. (चित्रपटातला गावठी बार मात्र टेरिटरीत नाही, तो शेजारच्या क्वीन्सलंड राज्यातील मॅकिन्ले गावचा.) रानाची सारी विद्या येथे एका गोऱ्याकडे आहे, आणि त्याचा मित्र झालेला गुलपिलिल हा शहरी तरुण असून केवळ वडिलांच्या धाकाने नृत्याच्या विधीला निघाला आहे. अमेरिकन पत्रकार त्याचे छायाचित्र घेऊ लागते तेव्हा तो तिला अडवतो. छायाचित्रामुळे आत्मा हिरावला जातो अशी त्याची समजूत असावी, असे वाटून ती ओशाळते. त्यावर कॅमेऱ्याच्या भिंगावरचे झाकण काढायचे राहिले आहे, असे तो शांतपणे सांगतो. साऱ्या चित्रपटातील हा सर्वांत चतुर क्षण, आणि तो गुलपिलिलच्या वाट्याला आला.

उलुरूच्या पायथ्याशी

17 ऑगस्ट 1980 रोजी उलुरूजवळच्या तळावरून अझारिया चेंबरलेन ही नऊ आठवड्यांची मुलगी नाहीशी झाली. तिला डिंगो या रानटी कुत्र्याने नेले, असे तिची आई लिंडी पहिल्यापासून सांगत होती. मूळ रहिवासी मागकाढ्यांनीही तंबूजवळ डिंगोच्या पावलांच्या खुणा पाहिल्या होत्या; खटल्यात मात्र त्यांच्या ज्ञानाला वजन मिळाले नाही. 1982 मध्ये लिंडीला जन्मठेप झाली. 1986 मध्ये बाळाचे जाकीट सापडले, ती सुटली आणि 1988 मध्ये शिक्षा रद्द झाली. त्याच वर्षी फ्रेड शेपिसी यांचा ‘ईव्हिल एंजल्स’ प्रदर्शित झाला. लिंडीच्या भूमिकेसाठी मेरिल स्ट्रीप यांना कान महोत्सवात सर्वोत्कृष्ट अभिनेत्रीचा पुरस्कार मिळाला. चार भिंतींत आणि दारूच्या गुत्त्यांत बसून लिंडीला दोषी ठरवणारे सामान्य ऑस्ट्रेलियन हे या चित्रपटाचे खरे विषय आहेत. आई रडत कशी नाही, एवढ्यावरून निकाल देणारा तो जमाव! बाळाचा मृत्यू डिंगोमुळेच झाला, असा अधिकृत निर्णय मिळण्यास 2012 साल उजाडले. त्यासाठी मृत्यूची चौथी चौकशी व्हावी लागली.

दरम्यान, 26 ऑक्टोबर 1985 रोजी उलुरूची मालकी परंपरागत मालकांना, म्हणजे अनांगू समाजाला, परत मिळाली होती. याचा अर्थ चित्रपटसृष्टीला लवकरच कळला. सिडनीहून ॲलिस स्प्रिंग्जकडे बसने निघालेल्या तीन कलावंतांच्या ‘प्रिसिला, क्वीन ऑफ द डेझर्ट’मध्ये (1994) त्यांनी भडक पोशाखांत उलुरूवर चढावे, असा मूळ बेत होता. परवानगी मिळाली नाही. ते दृश्य मग किंग्ज कॅन्यनच्या कड्यावर घेतले गेले. चित्रपटाचे काही बिघडले नाही. वेशभूषेचे ऑस्कर त्याला मिळालेच. उलुरूवरील चढाई सर्वांसाठीच 26 ऑक्टोबर 2019 पासून बंद झाली. तेथे व्यावसायिक चित्रीकरणासाठी परवाना लागतो आणि काही पवित्र जागा कॅमेऱ्यात टिपता येत नाहीत.

दहा होड्यांचे छायाचित्र

टेरिटरीच्या चित्रपटांना खरे वळण लागले ते एका जुन्या छायाचित्रामुळे. मानववंशशास्त्रज्ञ डोनाल्ड थॉमसन यांनी 1930 च्या दशकात अर्नहेम लँडमध्ये योलंगू समाजाची हजारो छायाचित्रे घेतली. त्यांपैकी एकात अराफुरा पाणथळीत झाडाच्या सालीच्या होड्यांमधून जाणारे दहा पुरुष दिसतात. गुलपिलिल यांनी हे छायाचित्र दिग्दर्शक रॉल्फ द हीर यांच्यापुढे ठेवले आणि त्यातून ‘टेन कनूज’ (2006) जन्मला. सह-दिग्दर्शक रामिंगिनिंग गावचेच पीटर जिगिर. ऑस्ट्रेलियातील मूळ भाषांमध्येच सारे संवाद असलेला हा पहिला कथापट.

त्याची पात्रनिवड हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय ठरावा. थॉमसन यांच्या छायाचित्रातील पुरुषांशी गावकऱ्यांचे नाते होते आणि आपल्या पूर्वजाची भूमिका आपणच करणार, असा हक्क त्यांनी सांगितला. योलंगू समाज धुवा आणि यिरित्जा अशा दोन शाखांत विभागलेला आहे आणि विवाह दुसऱ्या शाखेतच होतो. पडद्यावरचे पती-पत्नी खोटे असले तरी त्यांच्यामधले नाते या नियमात बसणारे हवे! दिग्दर्शकाची पसंती येथे दुय्यम ठरली. सालीच्या होड्या बांधण्याची जवळजवळ विसरलेली कला वृद्धांच्या आठवणींतून आणि छायाचित्रांवरून पुन्हा हाती आली. मगरींच्या पाणथळीत उभे राहून चित्रीकरण झाले. पूर्वजांचा काळ थॉमसन यांच्या छायाचित्रांप्रमाणे कृष्णधवल आणि त्याहून प्राचीन दंतकथेचा काळ रंगीत, ही उलटी वाटणारी योजनाही त्यातूनच आली. निवेदन गुलपिलिल यांचे, मुख्य भूमिकेत त्यांचा मुलगा जेमी. चित्रपटाची एक आवृत्ती संपूर्ण योलंगू भाषेत, उपशीर्षकांविना काढण्यात आली. ‘वॉकअबाउट’मध्येही उपशीर्षके नव्हती, फरक एवढाच की येथे ती ज्यांना नको होती, तेच प्रेक्षक होते. कान महोत्सवातील ‘अं सर्तां रगार’ विभागात या चित्रपटाला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला.

दोनच वर्षांनी आलेला बाझ लुहरमन यांचा भव्य ‘ऑस्ट्रेलिया’ (2008) 19 फेब्रुवारी 1942 च्या डार्विनवरील जपानी बॉम्बहल्ल्यापर्यंत पोहोचतो. जुने डार्विन त्या हल्ल्यांनंतर आणि 1974 च्या ट्रेसी चक्रीवादळानंतर फारसे उरलेले नव्हते; पडद्यावरचे बंदर बव्हंशी क्वीन्सलंडमधील बोवेन येथे उभारले गेले. खर्च आणि गाजावाजा यांच्या तुलनेत या चित्रपटाची टेरिटरीला देणगी लहान आहे.

घरचा कॅमेरा

1980 मध्ये ॲलिस स्प्रिंग्ज येथे मूळ रहिवाशांची स्वतःची प्रसारमाध्यम संस्था ‘कामा’ उभी राहिली. तिच्या संस्थापकांपैकी एक फ्रेडा ग्लिन. त्यांचे चिरंजीव वॉरिक थॉर्नटन याच संस्थेत कॅमेरा हाताळायला शिकले. त्यांचा पहिला कथापट ‘सॅमसन अँड डिलायला’ (2009) दिग्दर्शनाबरोबरच छायाचित्रणही त्यांनी स्वतः करून पूर्ण केला. पेट्रोल हुंगण्याच्या व्यसनात बुडालेला सॅमसन आणि आजीच्या मृत्यूनंतर निराधार झालेली डिलायला यांच्यात संवाद जवळपास नाहीतच. ॲलिस स्प्रिंग्जमध्ये डिलायलाच्या हातची चित्रे कोणी घेत नाही. तिच्या आजीची मात्र चढ्या किमतीला विकली जातात. पर्यटकांच्या ॲलिस स्प्रिंग्जवर ही टीका बाहेरच्या दिग्दर्शकाने केली असती, तर ती उपरी ठरली असती. या चित्रपटाने कान महोत्सवात पहिल्या कथापटासाठीचा ‘कॅमेरा दॉर’ पटकावला.

थॉर्नटन यांचा ‘स्वीट कंट्री’ (2017) 1929 सालात घडतो. एका मूळ रहिवासी गुराख्याने स्वसंरक्षणार्थ गोऱ्या मालकावर गोळी झाडली. तो पत्नीसह पळतो आणि पाठलाग सुरू होतो. त्याच्या आदल्या वर्षीच ॲलिस स्प्रिंग्जच्या वायव्येस कॉनिस्टन येथे पोलिसांच्या तुकडीने मूळ रहिवाशांचे हत्याकांड केले होते. सरकारी आकडा 31 चा. प्रत्यक्ष मृत्यू त्याहून कितीतरी अधिक असल्याचे मानले जाते. चित्रपट त्या घटनेवर नाही, पण तिची सावली त्यावर आहे. व्हेनिस महोत्सवात त्याला परीक्षकांचा विशेष पुरस्कार मिळाला. स्टीफन जॉन्सन यांचा ‘हाय ग्राउंड’ (2020) हाच रक्तरंजित इतिहास अर्नहेम लँडच्या बाजूने मांडतो.

गुलपिलिल यांचे अखेरचे मोठे काम ‘चार्लीज कंट्री’ (2013). पत्नीला मारहाण केल्याबद्दल 2011 मध्ये त्यांना कारावास झाला होता. द हीर त्यांना तेथे भेटले आणि दोघांनी मिळून ही पटकथा रचली. चार्लीची बंदूक पोलीस काढून घेतात. मग त्याने स्वतः घडवलेला भालाही शस्त्र म्हणून जप्त करतात. सिडनीच्या ऑपेरा हाउसच्या उद्घाटनाला इंग्लंडच्या राणीपुढे आपण नाचलो होतो, ही आठवण तो पुन्हा पुन्हा सांगतो. 2007 मध्ये केंद्र सरकारने मूळ रहिवाशांच्या वस्त्यांवर लादलेल्या कडक नियमांनंतरचे हे जीवन. 2014 मध्ये कान महोत्सवाच्या ‘अं सर्तां रगार’ विभागात गुलपिलिल सर्वोत्कृष्ट अभिनेते ठरले.

29 नोव्हेंबर 2021 रोजी ते गेले. योलंगू रितीनुसार मृताचे नाव काही काळ उच्चारत नाहीत, त्याची प्रतिमाही पाहत नाहीत. त्यामुळे वृत्तपत्रांनी सुरुवातीला त्यांचा उल्लेख कुटुंबाच्या इच्छेप्रमाणे ‘डेव्हिड डालाइथंगू’ असा केला. कुटुंबाने परवानगी दिल्यानंतरच ‘गुलपिलिल’ हे नाव परतले. ऑस्ट्रेलियातील अनेक चित्रपटांच्या आरंभी, यात मृत व्यक्तींच्या प्रतिमा व आवाज असू शकतात, अशी सूचना दिसते, ती याच प्रथेमुळे.

सारेच चित्रपट असे जड नाहीत. वेन ब्लेअर दिग्दर्शित ‘टॉप एंड वेडिंग’ (2019) हा निखळ विनोदी प्रेमपट. नायिका मिरांडा टॅपसेल या स्वतः लाराकिया व तिवी वंशाच्या आणि पटकथेच्या सहलेखिका. घर सोडून गेलेल्या आईच्या शोधात निघालेली वधू काकाडू, कॅथरीन असे करत अखेर तिवी बेटांवर पोहोचते आणि लग्न तिथल्या चालीरीतींनुसार लागते. मेलव्हिल, म्हणजे रॉबर्ट टुडावाली यांचे जन्मस्थान, हे त्याच बेटांपैकी एक.