तार तीच, बिल वेगळे



मुंबईच्या उपनगरातले नातेवाईक भेटले की 'आम्ही विजेची कंपनी बदलली' हा विषय कधीतरी निघतोच. तळीये, महाड, पोलादपूरकडच्या आपल्या लोकांना त्याचे नवल वाटते. इकडे वीज म्हणजे महावितरण, दुसरे दुकानच नाही. मग मुंबईत ही निवड आली कुठून आणि ती करून घराला खरेच काही उरते का, ते आज पाहू.

गोष्ट आपल्याच जिल्ह्यात सुरू होते. टाटांची जलविद्युत केंद्रे खोपोलीला १९१५ साली, भिवपुरीला १९२२ साली आणि भिऱ्याला १९२७ साली सुरू झाली. तिन्ही जागा आज रायगडात. पाणी सह्याद्रीच्या पावसाचे आणि वीज मुंबईला. भिऱ्यासाठी मुळशीचे धरण झाले, त्यात मावळातली गावे बुडाली. १९२१ साली तिथल्या शेतकऱ्यांनी सेनापती बापटांबरोबर सत्याग्रह केला. आपल्या डोंगरातल्या वाड्यांत मात्र पुढेही कितीतरी वर्षे रॉकेलची चिमणीच होती. राज्य वीज मंडळ १९६० मध्ये स्थापन झाले आणि खेड्यांत हळूहळू खांब आले. २००५ मध्ये मंडळाची विभागणी होऊन वाटपाचे काम महावितरणकडे गेले.

मुंबईत शहरभागात बेस्ट आणि उपनगरात १९२९ साली निघालेली बीएसईएस. तीच पुढे रिलायन्स झाली आणि २०१८ मध्ये अदानींकडे गेली. २००३ च्या विद्युत कायद्याने एकाच भागात एकाहून जास्त परवानाधारकांना वाट करून दिली. टाटांनी घरगुती ग्राहकांना वीज विकावी की नाही, हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. ८ जुलै २००८ रोजी निकाल टाटांच्या बाजूने लागला. मग १५ ऑक्टोबर २००९ रोजी राज्याच्या वीज नियामक आयोगाने रिलायन्सच्याच तारांवरून टाटांची वीज घेण्याची मुभा ग्राहकांना दिली. बेस्टच्या तारांना मात्र हे लागू नव्हते, कारण कायद्याने स्थानिक स्वराज्य संस्थेला त्यातून सूट आहे.

इथे नीट लक्ष द्या. अर्ज केला तरी घराची तार बदलत नाही. तारेच्या मालकाला त्याचे भाडे द्यावेच लागते, बिलात त्याला 'वहन आकार' म्हणतात. तारेत बिघाड झाला तर दुरुस्तीही तोच करतो. म्हणजे वीज जास्त वेळा जाते म्हणून कंपनी बदलायची असेल, तर त्या बदलाने काही साधत नाही. बदलतो तो फक्त दर.

आणि दराच्या मागे आणखी एक हिशेब असतो. जास्त युनिट वापरणाऱ्यांकडून चढा दर घेऊन कमी वापराच्या घरांना स्वस्त वीज द्यायची, अशी आपल्याकडची रीत आहे. मोठे ग्राहक दुसरीकडे गेले तर मागे राहिलेल्या छोट्या घरांचा भार कोण उचलणार? म्हणून २०११ मध्ये आयोगाने बदललेल्या ग्राहकांवर अधिभार लावला. २०१२ मध्ये तर टाटांनी वर्षभर महिना ३०० युनिटपर्यंतचेच ग्राहक घ्यावेत, असे सांगितले. हे मला पटते. माझी बचत शेजारच्या गरिबाच्या बिलावर जाऊन बसणार असेल, तर ती बचत कसली?

आता घरचा जमाखर्च. समजा, महिना २५० युनिट आहेत आणि नवा दर युनिटमागे १ रुपयाने कमी आहे. वाटते, २५० रुपये वाचले. पण अधिभार ६० पैसे असेल तर उरले ४० पैसे, म्हणजे १०० रुपये. नव्या कंपनीचा स्थिर आकार ३० रुपयांनी जास्त असेल तर उरले ७०. वर्षाचे ८४०. हे आकडे नमुन्याचे आहेत. आपल्या बिलातले खरे आकडे घालून पाहा. एक बिल मे महिन्याचे घ्या, एक पावसाळ्यातले. प्रत्येक ओळ धरा आणि शेवटची बेरीज ताडून पाहा. वर्षाला हजार-दोन हजार खरेच उरत असतील तर एका अर्जाचा त्रास घ्यायला हरकत नाही. शंभर-दोनशेच उरत असतील तर सोडून द्या, कारण दर पुन्हा बदलतात.

हे आपल्याला कशाला, असे म्हणू नका. पनवेल, उरण या आपल्याच जिल्ह्यातल्या भागांसाठी अदानींनी समांतर परवाना मागितला, त्याविरोधात ४ जानेवारी २०२३ रोजी महावितरणच्या कर्मचाऱ्यांनी संप केला. निवड दाराशी येऊन ठेपली आहे. ती पुढे महाडच्या डोंगरापर्यंत आली तर नफा नसलेल्या दूरच्या वाडीचा खांब कोण सांभाळणार, हे आधी विचारायला हवे. २२ जुलै २०२१ ची दरड आणि महाडचा पूर पाहिलेल्या माणसांना त्याचे मोल सांगायला नको.

तोवर एक गोष्ट आपल्या हातात आहे. आपल्याकडे वीज हा तेउकाय मानून जयणेने वापरायला शिकवले जाते. सूर्यास्ताआधी जेवण उरकणाऱ्या घरात रात्री स्वयंपाकघराचा दिवा लागत नाही. न वापरलेल्या युनिटला कोणत्याच कंपनीचा दर लागत नाही आणि त्यासाठी अर्जही करावा लागत नाही.