सत्यजित राय यांची मुखपृष्ठे आणि बंगाली अक्षर

साहित्य अकादेमीच्या पुरस्काराबरोबर लेखकाला जो ताम्रपट दिला जातो, त्याचे संकल्पन सत्यजित राय यांचे आहे. साहित्याच्या विद्यार्थ्याला ही गोष्ट सांगितली, की त्याला सहसा आश्चर्यच वाटते. (हा पट पूर्वी क्वचित संगमरवराचाही करीत, पण त्याचे वजन फार होई, म्हणून ती प्रथा सोडून द्यावी लागली. १९६५ च्या युद्धकाळात तर पटाऐवजी राष्ट्रीय बचतरोखे देण्यात आले.) चित्रपटदिग्दर्शकाचा ताम्रपटाशी संबंध काय, असा प्रश्न पडतो खरा. पण १९४३ पासून १९५६ पर्यंत, म्हणजे तेरा वर्षे, राय यांचा चरितार्थ जाहिरातींची मांडणी, अक्षरांचे रेखाटन आणि पुस्तकांची सजावट यांवर चालला होता. आणि चित्रपटांनी जगभर कीर्ती मिळाल्यावरही अक्षरे व पुस्तके यांचे काम त्यांनी सोडले नाही. त्यांच्या चरित्रांत हा भाग बहुधा उमेदवारीचा काळ म्हणून दोन-चार पानांत उरकला जातो. चित्रपटाच्या इतिहासकाराला ते सोयीचे असेल. बंगाली ग्रंथाच्या इतिहासाकडे पाहणाऱ्याला मात्र हेच काम मध्यवर्ती वाटल्यावाचून राहणार नाही.

या कामाचा उगम घरातच होता. आजोबा उपेंद्रकिशोर रायचौधुरी (१८६३–१९१५) हे लेखक, चित्रकार आणि मुद्रक. मुलांसाठी त्यांनी सांगितलेल्या रामायणातील चित्रे लाकडी ठशांवरून इतकी वाईट छापली गेली, की चित्रमुद्रणाचे तंत्र मुळापासून शिकण्याचे त्यांनी मनावर घेतले. विलायतेहून यंत्रसामग्री मागवून त्यांनी हाफटोनचे, म्हणजे चित्रातील उजेड-सावली बारीक ठिपक्यांच्या जाळीतून कागदावर उतरवण्याचे, प्रयोग केले आणि लंडनच्या ‘पेनरोझ’ वार्षिकांत त्यांवर लेख लिहिले. १९१३ मध्ये त्यांनी ‘संदेश’ हे मुलांचे मासिक सुरू केले. त्यांचे पुत्र सुकुमार १९११ मध्ये मुद्रणविद्या शिकण्यासाठी इंग्लंडला गेले, परत येऊन त्यांनी तो व्यवसाय सांभाळला आणि १९२३ च्या सप्टेंबरात, वयाच्या अवघ्या छत्तिसाव्या वर्षी, ते वारले. ‘आबोल ताबोल’ हा त्यांचा अजरामर कवितासंग्रह मृत्यूनंतर नऊ दिवसांनी बाहेर पडला. सत्यजित तेव्हा अडीच वर्षांचे होते.

गडपार रोडवरचे ते घर म्हणजे निम्मा छापखानाच होता. ‘जखन छोटो छिलाम’ या बालपणीच्या आठवणींत राय यांनी त्याचे वर्णन केले आहे. खिळे जुळवणारे जुळारी, ठसे तयार करण्याचा मोठा कॅमेरा, त्याच्या काचेवर उलटी दिसणारी प्रतिमा, आणि टर्पेंटाइनचा तो वास, जो पुढे आयुष्यात कुठेही आला तरी त्यांना छापखान्याचीच आठवण करून देई. कागदावर काहीतरी गिरबटून लहानगा सत्यजित हे ‘संदेश’मध्ये छापायचे आहे म्हणून सांगे, आणि तिथला कामगार गंभीरपणे मान डोलावी. पुढे व्यवसाय बुडाला, घर सुटले. मुलाच्या हाती वारसा म्हणून यंत्र राहिले नाही. अक्षर कसे तयार होते आणि चित्र कागदावर कसे येते, याची एक जाण तेवढी राहिली.

१९४० मध्ये आईच्या आग्रहाखातर ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. त्यांचा स्वतःचा ओढा व्यावसायिक चित्रकलेकडे होता. कलाभवनाचा पूर्ण अभ्यासक्रम त्यांनी केला नाही. १९४२ च्या अखेरीस ते कलकत्त्याला परतले. पण या अडीच वर्षांनी जे दिले, ते निर्णायक ठरले. नंदलाल बसू आणि विनोदबिहारी मुखर्जी हे त्यांचे गुरू. नंदलालांनी रवींद्रनाथांच्या ‘सहज पाठ’ या बालवाचनमालेसाठी (१९३०) केलेली लिनोच्या ठशांची चित्रे आजही पाहण्याजोगी आहेत: काळा आणि पांढरा एवढ्या दोनच रंगांत झाड, नदी, माणूस यांचा जीव उभा राहतो. शांतिनिकेतनातून मित्रांसमवेत राय यांनी अजिंठा-वेरूळचाही प्रवास केला. स्वतः नंदलाल तरुणपणी अजिंठ्याच्या भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी तिथे राहिले होते. तेव्हा शिष्यासाठी ही वाट गुरूच्या पावलांवरचीच होती.

१९४३ मध्ये डी. जे. कीमर या ब्रिटिश जाहिरातसंस्थेच्या कलकत्ता कार्यालयात ते कनिष्ठ व्हिज्युअलायझर म्हणून लागले. पगार महिना ऐंशी रुपये. अन्नदा मुन्शी यांच्यासारखे ज्येष्ठ चित्रकार त्या काळी देशी वळण जाहिरातीत आणू पाहत होते आणि राय त्या प्रयत्नात सहज मिसळून गेले. परंतु त्यांच्या प्रतिभेला खरी जागा मिळाली ती त्याच कार्यालयातील दिलीपकुमार गुप्त यांच्यामुळे. या ‘डी. के.’ं नी १९४३ मध्येच सिग्नेट प्रेस ही प्रकाशनसंस्था काढली. साल लक्षात घेण्याजोगे आहे. बंगालमध्ये दुष्काळाने लाखो माणसे मरत होती, महायुद्ध चालू होते, कागद दुर्मिळ झाला होता. अशा वेळी एक प्रकाशक ठरवतो, की बंगाली पुस्तक आतून-बाहेरून देखणे असले पाहिजे, आणि ते काम एका बावीस वर्षांच्या तरुणावर सोपवतो. १९४६ मध्ये नेहरूंच्या ‘डिस्कव्हरी ऑफ इंडिया’ची पहिली आवृत्ती याच संस्थेने काढली, तिचे वेष्टनही राय यांचे.

सिग्नेटच्या मुखपृष्ठांचा विशेष सांगायचा, तर सजावट करणाऱ्याने पुस्तक आधी वाचलेले आहे, हे त्यांतून जाणवते. जिम कॉर्बेटच्या कुमाऊँमधील नरभक्षक वाघांच्या कथांचा बंगाली अनुवाद घ्या. शिकारकथेच्या मुखपृष्ठावर जबडा पसरलेला वाघ किंवा बंदूक रोखलेला साहेब येणार, ही कोणाचीही अपेक्षा. राय यांनी पुढून मागे सलग पसरलेले वाघाचे पट्टेदार कातडे तेवढे घेतले. पुढच्या बाजूला गोळी शिरल्याचे लहान छिद्र, त्यात पुस्तकाचे नाव. मलपृष्ठावर गोळी बाहेर पडल्याचे मोठे छिद्र, त्यात परिचयाचा मजकूर. गोळी शरीरातून बाहेर पडताना जखम मोठी करते, हे शिकाऱ्याचे ज्ञान इथे मांडणीचे कारण झाले आहे. पुस्तक हाती घेऊन उलटणारा वाचक नकळत गोळीचाच मार्ग आक्रमतो.

अचिंत्यकुमार सेनगुप्त यांच्या रामकृष्ण परमहंसांवरील ‘परमपुरुष श्रीश्रीरामकृष्ण’ या ग्रंथाचे वेष्टन याहून साधे, आणि माझ्या मते अधिक थोर आहे. त्यावर परमहंसांची प्रतिमा नाही, मंदिर नाही, कमळ नाही. बंगालमध्ये देवाचे नाव छापलेले जे वस्त्र भाविक खांद्यावर घेतात, ती ‘नामावली’, म्हणजे आपल्याकडची रामनामी, तिच्या वळणाने नटलेली अक्षरे आहेत. ज्या वस्तूवर बंगाली माणसाने अक्षर शतकानुशतके भक्तिभावाने अंगावर वागवले, तीच वस्तू ग्रंथाचे वस्त्र झाली. राय यांच्या प्रेरणेची जात या एका उदाहरणावरून ओळखता येते. आलपना, पट, लाकडी ठसे, रोजच्या वापरातील कापड यांचे नमुने त्यांनी केवळ उचलून चिकटवले नाहीत. त्या वस्तूंत अक्षर कसे नांदते, हे त्यांनी पाहिले.

काव्यसंग्रहांची मुखपृष्ठे हा आणखी अवघड प्रांत. कवितेचे चित्र काढायला जावे, तर कविता लहान होते. जीवनानंद दास यांच्या ‘बनलता सेन’ची वाढीव आवृत्ती सिग्नेटने १९५२ मध्ये काढली. रेषांच्या दाटीतून डोकावणारा तिच्यावरील स्त्रीचा चेहरा बंगाली वाचकांच्या मनात इतका रुजला, की ती कवितेतील नायिका अनेकांना त्याच रूपात दिसते. हे मुखपृष्ठाचे यश म्हणावे, की वाचकाच्या कल्पनेवरचे आक्रमण? मला दुसऱ्या बाजूचे म्हणणेही टाळता येत नाही. मात्र मुखपृष्ठ हे त्या कृतीचे पहिले भाष्य असते आणि भाष्याला मतभेदाचा धोका असतोच.

या साऱ्या कामाला तंत्राची एक मर्यादा होती. खिळ्यांच्या छपाईत प्रत्येक रंगासाठी वेगळा ठसा करावा लागे. रंग वाढला, की खर्च वाढे. म्हणून सिग्नेटच्या मुखपृष्ठांत बहुधा सपाट रंग आणि ठाशीव रेषा दिसते, म्हणजे साध्या लाइन ब्लॉकने भागेल असे चित्र. आजोबांनी आयुष्य वेचले ते छटांचे सूक्ष्म चढउतार छापता यावेत म्हणून; नातवाने आपले उत्तम काम छटा वर्ज्य करून केले.

दुसरी अडचण अक्षरांचीच होती. इंग्रजी शीर्षकासाठी छापखान्यात शेकडो वळणांचे टाइप मिळत. बंगालीत, आणि देवनागरीतही, जोडाक्षरे व स्वरचिन्हे मिळून एका वळणाचा पुरा संच करायला इतके खिळे ओतावे लागत, की नवी वळणे फारशी निघतच नसत. त्यामुळे शीर्षक हाताने काढण्यावाचून गत्यंतर नव्हते. राय यांनी या टंचाईतूनच आपले क्षेत्र शोधले. बंगाली अक्षरालाही आपल्यासारखी शिरोरेखा आहे. तिकडे तिला ‘मात्रा’ म्हणतात. ही रेघ कधी कुंचल्याच्या एका फटकाऱ्यासारखी ओढावी, कधी तोडावी, कधी तिच्यापासून अक्षरे पताकांसारखी लोंबवावीत, याचे त्यांनी केलेले प्रयोग पाहिले, की अक्षराला किती अंगे असू शकतात, हे उमगते.

याचा सर्वोच्च आविष्कार ‘एक्षण’ या वाङ्मयीन नियतकालिकात आढळतो. निर्माल्य आचार्य आणि अभिनेते सौमित्र चटर्जी यांनी ते १९६१ मध्ये सुरू केले. नावात अक्षरे तीनच: ए, क्ष आणि ण. बहुतेक अंकांची मुखपृष्ठे राय यांनी केली, आणि पुष्कळदा त्यांवर या तीन अक्षरांवाचून दुसरे चित्रच नसे. दर वेळी तीच अक्षरे, दर वेळी नवी. कधी भौमितिक, कधी दोरीसारखी वळलेली, कधी पानभर फुगलेली. आधीच्या अंकाशी साम्य दिसू नये आणि तरी वाचकाने नाव क्षणात ओळखावे, ही अट त्यांनी तीन दशके पाळली. एका रागाची रोज नवी बढत करणाऱ्या गायकाशी याची तुलना केली, तर ती अतिशयोक्त ठरू नये.

चित्रपटांशी असलेला दुवा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात सांगतो. विभूतिभूषण बंद्योपाध्यायांच्या ‘पथेर पांचाली’ची मुलांसाठी केलेली संक्षिप्त आवृत्ती सिग्नेटने ‘आम आँटिर भेंपू’ (आंब्याच्या कोयीची पुंगी) या नावाने काढली. तिची लाकडी ठशांच्या वळणाची चित्रे काढताना राय यांच्या मनात चित्रपटाचे बीज पडले. पुढे त्या चित्रपटासाठी रीतसर पटकथेऐवजी शाई-कुंचल्याने दृश्ये रेखाटलेली एक वहीच त्यांनी तयार केली. ती २०१६ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रके व श्रेयनामावल्या ते स्वतः करीत. १९६१ मध्ये त्यांनी ‘संदेश’ पुन्हा सुरू केले आणि मरेपर्यंत त्यासाठी लिहिले, चित्रे काढली. ‘रे रोमन’, ‘रे बिझार’, ‘डॅफ्निस’ आणि ‘हॉलिडे स्क्रिप्ट’ ही रोमन लिपीची वळणेही त्यांचीच. २३ एप्रिल १९९२ रोजी त्यांचे निधन झाले.

मराठीत या परंपरेला समांतर नावे आहेत: मुखपृष्ठांना रंगाची श्रीमंती देणारे दीनानाथ दलाल, नाटकांची शीर्षके जाहिरातीतून बोलकी करणारे कमल शेडगे, आणि जाहिरातक्षेत्रातूनच येऊन देवनागरी अक्षर संगणकापर्यंत नेणारे र. कृ. जोशी. या सर्वांच्या कामाला एकच धोका आहे. पुस्तक ग्रंथालयात आले, की पुष्कळदा वेष्टन प्रथम काढले जाते. काही वर्षांनी पुन्हा बांधणी होते तेव्हा मुखपृष्ठही जाते, आणि काळ्या कापडाच्या कण्यावर दाखलक्रमांक तेवढा उरतो. नियतकालिकांचे खंड बांधताना तर जाहिराती आणि मुखपृष्ठे मजकूर नव्हेत म्हणून बाजूला टाकण्याची रीतच आहे. तालिकापत्रावर लेखक, प्रकाशक, साल, पृष्ठसंख्या, सेंटिमीटरमध्ये उंची यांची नोंद असते. मुखपृष्ठकाराचे नाव क्वचितच. जीवनानंदांच्या कवितेचा १९५२ मधील वाचकांनी कसा स्वीकार केला, हे शोधणाऱ्या विद्यार्थ्याला त्या वर्षीची समीक्षा ग्रंथालयात मिळू शकेल. त्या वाचकाने दुकानात पुस्तक उचलले तेव्हा त्याने प्रथम काय पाहिले, हे मात्र त्याला बहुधा ग्रंथालयाबाहेर, एखाद्या जुन्या संग्राहकाच्या कपाटात शोधावे लागते.