मर्फ्याचा ताल आणि सिद्द्यांचा इतिहास

चिक्कडपल्लीत राहणाऱ्या मराठी माणसाला मर्फा ठाऊक नाही, असे सहसा घडत नाही. लग्नाची वरात निघाली, की डफ, नगारे आणि काठ्या यांचा तो ठेका दोन गल्ल्या अलीकडूनच ऐकू येतो आणि भल्याभल्यांचे पाय थिरकू लागतात. धर्म कोणताही असो, भाषा तेलुगू असो, उर्दू असो वा मराठी; हैदराबादी वरातीला या तालाचे वावडे नाही. परंतु हा ताल आला कोठून, असे विचारणारा वऱ्हाडी मला अजून भेटायचा आहे. इतिहास शिकवण्यात उभी हयात गेल्यामुळे तो प्रश्न मीच येथे विचारतो.

चिक्कडपल्लीपासून चार-पाच किलोमीटरांवर, मासाब टँकजवळ 'ए. सी. गार्ड्स' नावाची वस्ती आहे. ए. सी. म्हणजे आफ्रिकन कॅव्हलरी. निजामाचे आफ्रिकन घोडदळ! वनपर्तीच्या राजाच्या पदरी असलेले हे सिद्दी शिपाई एकोणिसाव्या शतकात निजामाच्या सेवेत आले. त्यांनी आपले ताल सोबत आणले आणि येमेनहून आलेल्या अरब शिपायांच्या, म्हणजे चाऊसांच्या, संगतीत हैदराबादचा मर्फा घडला. सप्टेंबर 1948 मध्ये पोलीस कारवाई होऊन संस्थान भारतात विलीन झाले. तो आपल्या मुक्तीचा दिवस, याविषयी मराठवाड्याच्या माणसाच्या मनात शंका असण्याचे कारण नाही. मात्र पुढे निजामाचे सैन्य मोडले, तेव्हा या घोडेस्वारांची पिढीजात चाकरीही गेली. घोडा गेला, भाला गेला. हातात उरला तो डफ.

दख्खनशी आफ्रिकेचे नाते याहून कितीतरी जुने आहे. बीदरचा 'हबशी कोट' आमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. बहामनी काळातील हबशी सरदारांची ती स्मृती. इथिओपियात जन्मलेला, गुलामांच्या बाजारात विकला गेलेला एक मुलगा पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी झाला. तो मलिक अंबर. 1610 मध्ये त्याने खडकी वसवली. तेच पुढचे औरंगाबाद आणि आजचे छत्रपती संभाजीनगर. नहरीने शहराला पाणी दिले, जमिनीची प्रतवारी लावून महसूल बांधला आणि 1624 मध्ये भातवडीच्या रणात मोगल व आदिलशाही फौजांना एकत्रच धूळ चारली. त्या रणात शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. स्वराज्यापूर्वीच्या दख्खनचा इतिहास मलिक अंबराला वगळून सांगताच येत नाही.

असे असता 'हबशी' हा शब्द मराठीत शिवीसारखा का वापरला जावा? हबश म्हणजे अबिसीनिया. हबशी म्हणजे तेथील माणूस. 'सिद्दी' हा शब्द तर 'सय्यदी', म्हणजे 'माझे स्वामी', यावरून आला असे मानतात. जंजिऱ्याच्या सिद्दीशी मराठ्यांचे वैर होते हे खरे. पण ते वैर सत्तेचे होते, कातडीच्या रंगाचे नव्हे. एका शाळेत सावळ्या मुलाला वर्गमित्र 'हबशी' म्हणून चिडवत. त्या वर्गात मी मलिक अंबराचा धडा दोन तास शिकवला. नाव सुटले की नाही, हे सांगता येत नाही. मुलगा मात्र पुढच्या बाकावर येऊन बसू लागला.

जगात अन्यत्र उत्सवांनी हेच काम केले आहे. लंडनमध्ये 1958 साली वर्णद्वेषी दंगली झाल्या. त्यानंतर क्लॉडिया जोन्स या बाईंनी 1959 मध्ये कॅरिबियन कार्निव्हल भरवला. पुढच्या नॉटिंग हिल कार्निव्हलचे मूळ त्यात शोधले जाते. ब्राझीलमध्ये पळालेल्या गुलामांचा नेता झुंबी 20 नोव्हेंबर 1695 रोजी मारला गेला. तो दिवस 2024 पासून तेथे राष्ट्रीय सुटीचा आहे. आपल्याकडे भडोच जिल्ह्यात रतनपूरच्या बावा गोर दर्ग्यात सिद्द्यांची धमाल रंगते, तर यल्लापूर-हळियाळच्या रानात दमामी वाजते. तेथील सिद्दी कोकणी बोलतात, त्यांच्या बोलण्यात मराठी आणि कानडीही मिसळते. भाषेने ते आमचे सख्खे शेजारीच होत.

परंतु टाळ्या म्हणजे समता नव्हे. उत्तर कन्नडच्या सिद्द्यांना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळायला 2003 साल उजाडले. बेळगाव व धारवाडच्या सिद्द्यांना 2020. त्याच वर्षी शांताराम सिद्दी कर्नाटक विधान परिषदेवर नियुक्त झाले. गुजरातच्या हिराबाई लोबी यांना 2023 मध्ये पद्मश्री मिळाली. ही उत्सवाची नव्हे, हक्काची वाट आहे. नाचताना पाहिले जाणे सोपे. सातबारावर, हजेरीपटावर आणि सभागृहात नाव लागणे कठीण.

सीमाभागातील आम्हा मराठी मंडळींना उत्सवाचे मोल सांगायला नको. गणेशोत्सव आणि दिवाळी अंक यांच्या आधारानेच आम्ही परभाषेच्या मुलखात आपली ओळख जपली. फरक इतकाच, की आम्ही बोलल्याखेरीज आमचे वेगळेपण कळत नाही. सिद्द्याचे मात्र तो तोंड उघडण्यापूर्वीच ठरवले जाते.

जोतीराव फुल्यांनी 1873 मध्ये आपले 'गुलामगिरी' हे पुस्तक निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना अर्पण केले. सातासमुद्रापलीकडच्या काळ्या माणसाचे दुःख पुण्यात बसून ज्याने ओळखले, त्याचा वारसा आम्ही सांगतो आणि मुलासाठी स्थळ पाहताना जाहिरातीत 'गोरी वधू पाहिजे' असेही छापतो! या दिवाळीनंतर लग्नसराई सुरू होईल, मर्फाही वाजेल. बिदागी देताना वाजवणाऱ्याला त्याचे नाव विचारावे, त्याला पंगतीत आपल्या शेजारी पाट द्यावा, आणि जाहिरातीतला तो एक शब्द खोडावा. सुज्ञ वाचकांकडे एवढेच मागणे आहे.