पोलादी मूळ आणि फायबरग्लास प्रतिकृती : पोर्शे ३५६ स्पीडस्टर

मोटारीच्या इतिहासात बाह्य आकारालाच ओळख मानण्याची प्रवृत्ती आढळते. ती किती अपुरी आहे, हे पोर्शे ३५६ स्पीडस्टर व तिच्या किट कार स्वरूपातील प्रतिकृती यांच्या तुलनेतून दिसून येते.

आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहामुळे १९५४ साली अमेरिकी बाजारपेठेसाठी स्पीडस्टर आली. तिची पोलादी बॉडी व तळ वेल्डिंगने एकसंध केलेले असल्याने भार बॉडीच पेलत असे. परिणामी गंज हा केवळ दिसण्याचा प्रश्न नव्हता. दाराखालचे पोकळ भाग कुजले की मोटारीचा कणाच खचे.

प्रतिकृतीत मात्र बॉडी हे बव्हंशी आवरण असते. फोक्सवॅगन बीटलची बॉडी तळास बोल्टांनी जोडलेली असल्याने ती सोडवून वेगळी करता येते. बीटलच्या दोन आसांतील अंतर २,४०० मिलिमीटर, तर ३५६ चे २,१०० मिलिमीटर; म्हणून अनेक किटांसाठी बीटलचा तळ कापून आखूड केला जाई व त्यावर फायबरग्लासचे कवच बसे. साच्यात प्रथम जेलकोटचा थर देऊन त्यावर काचतंतूंची चटई पॉलिएस्टर रेझिनमध्ये भिजवून हाताने दाबली की असे कवच तयार होते. पोलादी पत्रा दाबण्याच्या महागड्या डाय मोजक्या मोटारींसाठी परवडत नाहीत, साचा परवडतो. छोट्या कार्यशाळा या व्यवसायात उतरू शकल्या त्या यामुळेच.

धक्का बसल्यास पोलादाला पोचा पडतो आणि तो ठोकून काढता येतो. फायबरग्लास तडकते, त्याच्या जेलकोटवर ताऱ्यासारख्या बारीक भेगा उमटतात. ते गंजत नाही हे खरे. परंतु कवचाखालचा बीटलचा तळ पोलादीच असतो आणि तो गंजतो, याचा सोयीस्कर विसर पडतो.

तथापि प्रतिकृतीस सरसकट बनावट ठरविणे घाईचे होईल. फेरी पोर्शे यांनी १९४८ साली उभारलेल्या पहिल्या ३५६ मोटारींत इंजिन, निलंबन व ब्रेक यांचा आधार फोक्सवॅगनच्याच भागांचा होता आणि बीटलची रचना त्यांचे वडील फर्डिनांड पोर्शे यांची. शिवाय ऑस्ट्रियातील ग्म्युंड येथे बनलेल्या आरंभीच्या ३५६ मोटारींची बॉडी ॲल्युमिनियमची होती. पोलाद आले ते १९५० पासून स्टुटगार्ट येथील उत्पादनात. म्हणजे प्रतिकृती मुळाशी खरे नाते सांगते ते न दिसणाऱ्या यंत्रभागांत.

अमेरिकेत अशा अनेक प्रतिकृतींची नोंद कागदोपत्री बीटल म्हणूनच झाली. बीटलचा चासी क्रमांक मागच्या आसनाखाली, तळाच्या मधल्या कण्यावर कोरलेला असतो; वरचे कवच बदलले तरी तो बदलत नाही.